मायच्या निरोपावर हॉल हसला

हॉल हसला. माझ्या मायच्या आवाजावर हसला. आणि तो आवाज लावणारं बोट माझंच होतं.

लंडनमधली गोष्ट. कॅनडातलं लंडन, ऑन्टारिओमधलं. २०१७चा हिवाळा. चर्चच्या बेसमेंटचा हॉल मराठी मंडळाने भाड्याने घेतला होता. बाहेर गुडघाभर बर्फ, आत बटाटेवड्यांचा वास, खुर्च्यांच्या पाठींवर टांगलेली जाडजूड जॅकेट्स. मातृभाषेचा कार्यक्रम होता. आमच्या मॅडमचं भाषण होतं. मी स्टेजखाली लॅपटॉपपाशी बसले होते. मॅडमनी बोट वर केलं की कळ दाबायची, एवढंच माझं काम. फाइलींना नावं नव्हती, आकडे होते.

मॅडमनी आधी चेरोकी ऐकवली. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची ही एक भाषा, मॅडमच्या अभ्यासाची. लोक कौतुकाने ऐकत होते. मग म्हणाल्या, "आता जरा आपल्या मराठीकडे येऊ." बोट वर झालं. मी कळ दाबली.

"लई थंडी हाय म्हनं तिकडं. कान बांधत जाय. तिथं लोकायसंग इंग्रजीतच बोलतीस का? मंग मला बी दोन सबूद शिकव. तुह्या बाईसंग बोलते. म्हनते, बाई, महं लेकरू दूर हाय, त्याला जपा."

पुढे अजून होतं, पण मॅडमनी हाताने थांबव म्हणून खूण केली. माझ्या बोटाने आपोआप कळ दाबली. डोकं बंद पडलं होतं.

"ऐकलंत? म्हनं. सबूद. महं. याला अशुद्ध म्हणायचं नाही हं आता, पोलिटिकली करेक्ट नाही ते." हॉल हसला. "शिकल्या-सवरलेल्यांशी संबंध न येता भाषा पिढ्यान्‌पिढ्या एका कोपऱ्यात राहिली, की ती अशी झिजते. आणि गंमत म्हणजे, यातली बाई म्हणजे मी बरं का."

तेव्हा तर हॉल जोरात हसला. पहिल्या रांगेतल्या एका काकांनी चष्मा काढून डोळे पुसले. बायकोला कोपर मारून म्हणाले, "सबूद."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "ही त्यांची मुलगी. आमच्या लॅबमध्ये पीएचडी करते. ऊठ गं, दिसू दे सगळ्यांना. बघा, एका पिढीत केवढा फरक."

मी उठले. हे मला सांगायलाच हवं. मी उठले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मॅडम पुण्याच्या. कॅनडात येऊन त्यांना बरीच वर्षं झालेली. विद्यापीठात भाषाशास्त्र शिकवायच्या. त्यांच्या हाताखाली काम मिळालं म्हणून मी परभणी जिल्ह्यातून इथवर आले होते. माझी फी, माझं भाडं, माझा स्टडी परमिट, सगळं त्यांच्या एका सहीवर. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "गाव कुठलं?" मी सांगितलं. मग विचारलं, "गावात नेमकं कुठे?" मराठी माणूस हा दुसरा प्रश्न कशासाठी विचारतो ते मराठी माणसालाच कळतं. मी म्हटलं, भीमनगर. "अच्छा, अच्छा. छान." वर म्हणाल्या, "मी असलं काही मानत नाही हं." मी विचारलंच नव्हतं.

मानत नव्हत्याच म्हणे. पण शनिवारी लॅबच्या मुलांना जेवायला बोलावलं की मला तासभर आधी बोलवायच्या. "येतेस तर ड्राइव्हवे जरा शोव्हल करशील? ह्यांची पाठ धरलीये." मी शोव्हल करायचे. बर्फ ओला असला की फावडं उचलत नाही, खांदे भरून येतात. मग आत जायचं तर म्हणायच्या, "गॅरेजमधून ये गं, बूट ओले असतील." बाकीची मुलं मी साफ केलेल्या वाटेवरून पुढच्या दाराने यायची. बूट त्यांचेही ओलेच. दोन गोरी, एक चिनी, एक दिल्लीचा शर्मा. गॅरेज फक्त माझ्यासाठी. मी स्वतःला समजवायचे, मराठी आहे म्हणून घरचं समजतात. आपण स्वतःला काय काय समजावतो.

काम मात्र मला आवडायचं. आजही आवडतं, म्हणून जास्त जळतं. चेरोकीचं क्रियापद एकटं उभंच राहत नाही. नुसतं 'बोलणं' असं काही नाही. सुरुवातीला तुकडा लावायचा, तेव्हा कळतं कोण बोलतंय. जिवोनिहा, मी बोलतेय. हिवोनिहा, तू बोलतोयस. गावोनिहा, तो किंवा ती. माणसाशिवाय बोलणं नाही. शेवटचा तुकडा बदलला की कधी ते कळतं. आणि झाल्या गोष्टीचं सांगत असाल, तर अजून एक ठरवावं लागतं. शेवटी नाकातून 'अं' आला तर बोलणाऱ्याने ते स्वतः पाहिलंय, अनुभवलंय. 'ए' आला तर ते दुसऱ्याकडून कळलेलं. फुकट साक्ष देता येत नाही. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला भीमनगरच्या पारावर बसलेल्या म्हाताऱ्या आठवल्या. त्यांच्या प्रत्येक गोष्टीला 'अं'च लागला असता.

'आम्ही' म्हणतानाही तिथे ठरवावं लागतं, समोरच्याला त्यात धरलंय की बाहेर ठेवलंय. मराठीतही 'आपण' आणि 'आम्ही' आहेच. मॅडम हे फार सुंदर शिकवायच्या. 'आपण' म्हणताना त्या हात पसरायच्या, सगळा वर्ग त्यात यायचा. मी गॅरेजमधून आत आलेली, त्या हातांकडे बघत बसायचे.

आम्हाला चेरोकी सांगायला मिस जून यायच्या. म्हातारी बाई, मूळच्या ओक्लाहोमाच्या. लेक लंडनजवळ वनाइडा या मूळ रहिवाशांच्या वस्तीत दिलेली, म्हणून नवरा गेल्यावर लेकीपाशी राहायला आलेल्या. वनाइडांची भाषा चेरोकीची लांबची बहीण, पण मिस जून हसून म्हणायच्या की जावयाचं बोलणं कळायला त्यांना इंग्रजीच लागतं. लेक गाडीने सोडायची. मी त्यांच्या कॉलरला माइक लावायचे, त्या बोलायच्या, नंतर मी ते बोलणं कापून सुरुवातीचे तुकडे एकीकडे, शेवटचे तुकडे एकीकडे लावायचे.

मिस जूनची एक रीत होती. माइक लावला की आधी विचारायच्या, "हे कोण ऐकणार?" मी सांगायचे. मगच बोलायच्या. आणि बोलून झालं की उठायच्या नाहीत. सगळं परत लावायला सांगायच्या. डोळे मिटून ऐकायच्या. मध्येच बोट उचलायच्या. "हे माझ्याबरोबर घरी जाणार." म्हणजे तेवढं पुसायचं. त्यांच्या देखत. पुसलं की त्या माझ्याकडे न बघता मान हलवायच्या. एकदा त्यांनी धाकट्या भावाची गोष्ट सांगितली. बोलता बोलता आवाज बसला. ऐकल्यावर म्हणाल्या, "हे पूर्ण घरी." मॅडम शेजारी उभ्या होत्या. मिस जूनकडे बघून गोड हसल्या आणि मला मराठीत म्हणाल्या, "म्हातारीचे नखरे. क्रियापदांचे काय सुरेख फॉर्म्स होते त्यात. पुढच्या वेळी आधी एक कॉपी काढून ठेवत जा." मी मान हलवली नाही. नाहीही म्हटलं नाही. मिस जूनना मराठी येत नव्हती, पण त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं होतं.

मायचा आवाज तिथे कसा गेला तेही सांगते. नवीन माइक आले होते. मॅडम म्हणाल्या, "टेस्ट करायला काहीतरी बोलणं हवं, घरी फोन लाव ना, स्पीकरवर टाक." मला तर आनंदच. मी मायला व्हॉट्सॲपवर फोन लावला, शेजारच्या सुनेच्या मोबाइलवर. माय मोकळी बोलली. लेकीशी बोलतात तशी बोलली. टेस्ट झाली, मॅडम म्हणाल्या, "क्लीन आहे साउंड." मी समजले, टेस्ट होती, संपली. माझी माय अशी फाइलीत आकडा होऊन बसली.

कार्यक्रमानंतर मॅडम मला वाटेत सोडणार होत्या. गाडीत सीट गरम करायचं बटण त्यांनी माझ्यासाठी दाबलं. म्हणाल्या, "काय नॅचरल डेटा आहे गं आईचा. लोकांना इतकं आवडलं. अजून असेल तर आण ना." मी खिडकीबाहेर बघत होते. रडू येत नव्हतं. मला माझीच शिसारी आली होती, उठून उभी राहिले म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायचा फोन आला. तिकडे संध्याकाळ. इकडचं-तिकडचं झाल्यावर तिने विचारलं, "मव्हा निरोप सांगितला का बाईला? जपा म्हनून?"

"सांगितला."

"मंग? काय म्हनली?"

मला खोटं सुचेना. "हसली," मी म्हटलं.

"हसली?" मायला बरं वाटलं. आवाजातच कळत होतं. "मंग चांगली हाय बाई. मोठी मान्सं उगं हसत न्हाईत."

फोन ठेवला आणि मी वॉशरूममध्ये जाऊन नळ सोडला. आता रडू आलं. रागाचं रडू वेगळंच असतं, त्याने हलकं वाटत नाही.

त्याच आठवड्यात मिस जून आल्या. मी माइक लावायला वाकले. त्यांनी माझं मनगट धरलं. "काय झालं?" मी आधी 'काही नाही' म्हटलं. त्या मनगट सोडेनात. मग मी सांगितलं. हॉल, मायचा आवाज, निरोप, हसणं, सगळं. माझ्या तुटक इंग्रजीत.

त्यांनी एकच विचारलं. "तुझ्या आईला कुणी विचारलं होतं, हे कोण ऐकणार म्हणून?"

"नाही."

"आणि आवाज अजून इथे आहे?"

"आहे."

त्यांनी माइक स्वतःच काढला. वायरीची नीट गुंडाळी केली. टेबलावर ठेवली. "ज्या घरात कुणाची आई कोंडून ठेवलीये, त्या घरात मी बोलत नाही." माझी पाठ थोपटली नाही. कीव केली नाही. कोट चढवला आणि लेकीची वाट बघत बाहेर बाकावर जाऊन बसल्या. मी काचेतून बघत होते. त्या वळूनही बघेनात. मला त्यांचाही राग आला. तुमचं काय जातं, तुमचा व्हिसा थोडाच जाणार आहे. मग राग कुठे जायला हवा ते मला कळलं.

मी मॅडमच्या खोलीत गेले. उभ्याउभ्याच म्हटलं, "मॅडम, आईचं रेकॉर्डिंग पुसायचंय."

"कुठलं? ते टेस्टचं? का गं?"

"हॉलमध्ये लोक हसले."

"अगं, प्रेमाने हसले. मी तर त्या बोलीला व्यासपीठ दिलं. कोण देतं सांग? आपण सगळे मराठीच ना इथे."

"तुम्ही तिला विचारलं नव्हतं."

"तू दिलंस ना." मग त्यांचा आवाज बदलला. इंग्रजी जास्त झालं. "लुक. ते लॅबच्या मशीनवर झालंय, लॅबचा डेटा आहे. माझ्या पेपरमध्ये ते एक्झाम्पल जातंय. तू इमोशनल होतेयस. तुझं फंडिंग रिन्यू व्हायचंय, हे लक्षात आहे ना? परमिटही त्यावरच. मी तुमच्यासाठी किती करते."

तुमच्यासाठी. मी एकटी उभी होते, आणि त्या तुमच्यासाठी म्हणाल्या. आदराचं नव्हतं ते. त्या एका शब्दात भीमनगर होतं, माझी माय होती, गॅरेजचं दार होतं. इतके दिवस मी जिथे उभी होते ती जागा त्यांनी स्वतःच दाखवली.

मी फोन काढला आणि मायला लावला. स्पीकरवर टाकला. मॅडम म्हणाल्या, "व्हॉट आर यू डूइंग?" मी म्हटलं, "जिचा आवाज आहे तिला विचारतेय."

माय आली. मी म्हटलं, "माय, त्या दिवशी तू बोललीस ते यांनी मशीनमध्ये ठेवलंय. आता लावते. ऐक." लॅबचा लॅपटॉप तिथेच टेबलावर होता. मी फाइल लावली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, हॉलमध्ये तोडली होती त्याच्याही पुढे. पुढे माय शेळीचं सांगत होती, माझ्या बापाच्या खोकल्याचं सांगत होती, शेवटी मला म्हणत होती की तू शिक, मागं बघू नको. मॅडम खुर्चीत बसल्या होत्या. पेन उघडत होत्या, मिटत होत्या.

"मव्हाच आवाज हाय," माय म्हणाली. तिला गंमत वाटली असावी. मग हळूच विचारलं, "बाई हायेत का तिथं?"

"आहेत. समोर."

"बाई, राम राम." मायने आवाज ठीक केला. ही संधी ती किती दिवस मनात घोळवत होती कुणास ठाऊक. "महं लेकरू दूर हाय. त्याला जपा, बाई."

कुणीतरी आपल्याला राम राम घालतंय, त्याला उत्तर द्यावं, एवढंही मॅडमना जमलं नाही. त्या माझ्याकडे रागाने बघत राहिल्या.

मग मी मायला खरं सांगितलं. ते सगळ्यात कठीण गेलं. "माय, तुझं हे बोलणं यांनी हॉलभर लोकांना ऐकवलं. आपलीच मराठी माणसं होती. तुझ्या बोलण्यावर ती हसली. बाई हसली म्हटलं ना मी, ते हे हसणं."

फोनमध्ये कुत्रं भुंकलं. कुणीतरी भांडी आपटत होतं.

"तू व्हतीस तिथं?"

"होते."

"पुसून टाक," माय म्हणाली. "समदं पुस. मह्या निरोपाची बी गरज न्हाई आता बाईला." आणि मॅडमशी काही न बोलता तिने फोन बंद केला.

मी पुसलं. लॅपटॉपवरून, लॅबच्या ड्राइव्हवरून, भाषणाच्या फाइलींमधून. मॅडमच्या देखत. त्या म्हणाल्या, "यू विल रिग्रेट धिस." मी म्हटलं, "ड्राइव्हवे आता तुम्हीच शोव्हल करा." काही फार मोठं बोलले नाही. तेवढंच सुचलं.

पुढचं सांगण्यासारखं कमीच. टर्म संपली आणि माझं फंडिंग थांबलं. कारण दिलं, कामात प्रगती नाही. मी डिपार्टमेंटमध्ये वर जाऊन तक्रार केली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पाण्याचा ग्लास दिला आणि जात म्हणजे नेमकं काय ते समजावून सांगायला लावलं. मग विचारलं, "ते रेकॉर्डिंग आहे का?" मी म्हटलं, पुसलं. "मग पुरावा?" मंडळातल्या लोकांना विचारलं, तर त्या हॉलमध्ये कुणीच हसलं नव्हतं. चष्मा पुसणारे काका म्हणाले, "छे, छे, फार छान कार्यक्रम झाला तो." मॅडम अजून शिकवतात. 'आपण' म्हणताना हात पसरतात.

मी दुसऱ्या प्रोफेसरकडे, कमी पैशात, परत पहिल्यापासून सुरुवात केली. शनिवार-रविवार एका नर्सिंग होमच्या किचनमध्ये भांडी घासते. मिस जूननी लॅब सोडली. मला निरोप पाठवला, शिकायचं असेल तर घरी ये, मशीन आणू नकोस. मी जाते. त्या बोलतात, मी तोंडाने म्हणते, चुकलं की त्या परत म्हणायला लावतात. कागदावर काही नेत नाही.

पुरावा विचारतात ना. चेरोकीत हे लिहिलं असतं तर माझ्या प्रत्येक क्रियापदाच्या शेवटी तो 'अं' आला असता आणि कुणी पुरावा मागितला नसता. मराठीत तशी सोय नाही. मराठीत माणसालाच उभं राहावं लागतं. त्या दिवशी मी त्यांच्या टाळ्यांसाठी उभी राहिले होते. आता माझ्यासाठी राहते.

हे लिहिण्याआधी मी मायला विचारलं. ती म्हणाली, "कोन वाचनार?"

"मराठी लोक. हसले ते सुद्धा."

ती म्हणाली, "मंग लिव्ह. पर महं बोलनं हाय तसं लिव्ह. नीट करू नको."

नीट केलेलं नाही. करणारही नाही. ज्याला हसायचं असेल त्याने आता माझ्यासमोर येऊन हसावं.